सोंगाड्याचे हसू : चावट विनोदी चित्रपटांचा एक मागोवा

माणूस हसतो, ही साधी गोष्ट आहे. परंतु तो कशाला हसतो, किती मोठ्याने हसतो आणि कुणाकडे बोट दाखवून हसतो, या गोष्टी मुळीच साध्या नाहीत. प्रत्येक समाजाने त्यांविषयी काही लिखित, काही अलिखित दंडक घालून ठेवलेले असतात. मराठी चित्रपटसृष्टीत या दंडकांना सर्वांत मोठा धक्का ज्यांनी दिला, ते दादा कोंडके. त्यांचे नाव निघाले की आपल्या घरांतून एक गमतीचा अनुभव येतो. वडीलधारी मंडळी आधी खुदकन हसतात, मग आसपास मुले आहेत काय ते पाहतात आणि लगेच चेहरा गंभीर करून म्हणतात, "फार चावट हो ते सिनेमे!"

हे हसूही खरे आहे आणि हा संकोचही खरा आहे, असे आम्हांस वाटते. दोहोंपैकी एकालाच प्रमाण मानले तर या चित्रपटांचा इतिहास नीट कळत नाही. केवळ नाके मुरडणाऱ्यांना हे सांगता येत नाही की, गिरणीत आठ तास राबलेला माणूस स्वतःच्या कष्टाचे पैसे मोजून पुन्हा पुन्हा तेथे का जात होता. आणि केवळ कौतुक करणाऱ्यांना हे सांगता येत नाही की, तोच विनोद पुढे शिळा का वाटू लागला. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

हास्याची उतरंड

हास्याला उच्च-नीच ठरविण्याची रीत फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. गाल किंचित फुलावेत पण दात दिसू नयेत, ते स्मित. डोळ्यांत पाणी यावे, आवाज चढावा आणि हसता हसता हात बरगड्यांवर जावेत, ते अतिहसित. येथवर हे वर्णन निरुपद्रवी आहे. पण पुढे शास्त्रकार सांगतात की पहिले दोन प्रकार उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे होत. म्हणजे हसण्याची प्रतवारी ही हसणाऱ्या माणसांचीही प्रतवारी झाली. पोट धरून हसणारा तो खालच्या पायरीवरचा, हा समज आपण तेव्हापासून बाळगीत आलो आहोत.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही याला अपवाद नाही. मध्ययुगीन युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, नाताळनंतरच्या दिवसांत 'मूर्खांचा सण' साजरा होई. त्यात कनिष्ठ दर्जाचे धर्मसेवक वरिष्ठांची नक्कल करीत आणि एक दिवस उलटे राज्य चाले. 1435 साली बाझेल येथील धर्मपरिषदेने या प्रकाराला मनाई केली. 1444 साली पॅरिस विद्यापीठाच्या ईशज्ञान शाखेने एक पत्रक काढून त्याचा कडक निषेध केला. गंमत अशी की, सणाचे समर्थक काय म्हणत हेही त्याच पत्रकामुळे आपल्याला कळते. मद्याच्या पिंपाचे तोंड मधूनमधून उघडले नाही तर पिंप फुटते. माणसाचेही तसेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विद्यापीठाच्या पंडितांना तो पटला नाही. परंतु चावट विनोदाची बाजू मांडणाऱ्या कुणालाही त्यानंतरच्या शतकांत याहून चांगला दाखला सापडला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

तमाशाचा वारसा

दादा कोंडके यांच्या विनोदाचे मूळ सिनेमात नाही, तमाशात आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा लंगडा सोबती पेंद्या आणि पुरुषाने लुगडे नेसून उभी केलेली मावशी ही पात्रे असतात. देवाच्या नावाने सुरू झालेल्या खेळात मावशीच्या तोंडी जे संवाद येतात, ते देवळात उच्चारता येणार नाहीत. परंतु जत्रेत देव आणि थट्टा शेजारी शेजारी बसत, त्याचे कुणाला नवल वाटत नसे.

या साऱ्यात महत्त्वाचा तो सोंगाड्या. वगात तो राजाचा शिपाई असेल, नोकर असेल किंवा नुसताच येडबंबू असेल. हुद्दा सर्वांत खालचा, पण बोलण्याची मुभा सर्वांत अधिक. प्रधानाला जे राजापुढे बोलवत नाही, ते सोंगाड्या बोलून जातो आणि वर आपण काही बोललो हेच आपल्याला कळले नाही असा आव आणतो. तमाशा सादर करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले होते. गावात ज्यांना पाटलाच्या वाड्याबाहेर उभे राहावे लागे, ते बोर्डावर चढले की राजाची टोपी उडवीत. प्रेक्षकांच्या हसण्यात हा हिशेब चुकता झाल्याचे समाधान मिसळलेले असे.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली आणि पुढे तो अटी घालून खुला केला. त्याच सुमारास शिकलेल्या लेखकांचे लक्षही या कलेकडे वळले आणि 'लोकनाट्य' या नावाने तमाशा शहरी रंगमंचावर आला. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे 1965 साली रंगमंचावर आलेले लोकनाट्य या परंपरेतील सर्वांत गाजलेले. त्याचे पूर्वीचे नाव 'छपरी पलंगाचा वग'. त्यातील हवालदाराच्या भूमिकेत दादा कोंडके उभे राहिले. रोजच्या वर्तमानपत्रातील बातमीवर ते त्याच रात्री संवादात भर घालीत. राजा नावाचा तो नेभळट गृहस्थ मग ओळखीच्या कोणत्याही मंत्र्यासारखा दिसू लागे. दीड हजाराच्या आसपास प्रयोग झालेले हे लोकनाट्य पाहूनच आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांना दादांचे नाव सुचविले आणि 1969 सालच्या 'तांबडी माती' या चित्रपटातून दादा पडद्यावर आले.

नाम्याचे दिवस

दादा कोंडके यांचा जन्म 1932 सालचा, मुंबईच्या नायगाव भागातील गिरणी कामगारांच्या वस्तीतला. मूळ गाव भोरकडचे. तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते आणि 'अपना बाजार'मध्ये नोकरी करीत होते. गाव सोडून मुंबईला आलेल्या पण मनाने गावातच राहिलेल्या माणसाची भाषा त्यांना शिकावी लागली नाही. ती त्यांच्या घरातच होती.

1971 साली त्यांनी स्वतः निर्मिती केलेला 'सोंगाड्या' प्रदर्शित झाला. कथा वसंत सबनीस यांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या 'तेरे मेरे सपने'साठी या चित्रपटाला जागा नाकारण्यात आली, तेव्हा दादांनी बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे धाव घेतली. शिवसैनिक चित्रपटगृहासमोर जमले आणि 'सोंगाड्या'ला पडदा मिळाला. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात जागा मिळावी हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला, हे खरे. परंतु चित्रपटगृह मिळाले म्हणून चित्रपट चालतोच असे नाही. 'सोंगाड्या' चालला तो त्यातील नाम्यामुळे.

नाम्या हा भोळसट खेडूत. अंगात ढगळ सदरा, खाली नाडा लोंबणारी अर्धी चड्डी, जिभेवर सदोदित 'आये'. रत्नमाला यांनी रंगविलेल्या करारी आईच्या धाकात वाढलेला हा थोराड पोर तमाशाच्या नादी लागतो, कलावतीच्या प्रेमात पडतो आणि घराबाहेर काढला जातो. उषा चव्हाण यांची कलावती ही नुसती शोभेची बाहुली नव्हे. ती कष्टाने पोट भरणारी, शहाणी, स्वाभिमानी बाई आहे. चित्रपटात चावट संवादांची रेलचेल आहे. तरीही तो पाहून उठताना मनात राहतो तो एका निरागस माणसाला मिळालेला आधार.

याच्या पुढच्याच वर्षी, 1972 साली, व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. तेथेही तमाशाचाच फड आहे आणि तमाशातील बाईच्या मोहात पडलेला पुरुष आहे. पण तो पुरुष आदर्श शिक्षक आहे आणि तमाशा हा त्याच्या अधःपाताचा मार्ग आहे. वरून पाहणाऱ्याला तमाशा म्हणजे पिंजरा दिसला; खालून पाहणाऱ्या नाम्याला त्याच तमाशात घर सापडले. सुशिक्षित घरांतून 'पिंजरा'ची वाहवा झाली आणि 'सोंगाड्या' चोरून पाहिला गेला. दोन्ही चित्रपट आपापल्या जागी मोठे आहेत. परंतु फडातल्या माणसांना माणूस म्हणून वागविण्यात 'सोंगाड्या' तसूभरही मागे नाही, असे आमचे मत आहे.

'एकटा जीव सदाशिव' (1972), 'आंधळा मारतो डोळा' (1973), 'पांडू हवालदार' (1975), 'तुमचं आमचं जमलं' (1976), 'राम राम गंगाराम' (1977) अशी मग रांगच लागली. दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे चालले. 'पांडू हवालदार'मध्ये त्यांनी दिग्दर्शनाची धुरा स्वतःकडे घेतली आणि अशोक सराफ यांना सखाराम हवालदाराच्या भूमिकेत उभे केले. या चित्रपटानंतर मुंबईत रस्त्यावरच्या शिपायाला 'पांडू' म्हणण्याची रीत फोफावली. फेरीवाल्याला ज्याच्या दंडुक्याची रोज भीती वाटे, त्याला रात्री तीन तास हसता आले. पिंपाचे तोंड उघडले ते असे.

येथे एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. चित्रपटांविषयी पोप अकरावे पायस यांनी 1936 साली जे परिपत्रक काढले, ते कडक म्हणून ओळखले जाते. परंतु त्यातही त्यांनी मान्य केले आहे की, आधुनिक कारखान्यांत थकूनभागून राबणाऱ्या माणसाला विरंगुळा ही गरजच होऊन बसली आहे. तो निकोप असावा, एवढा त्यांचा आग्रह होता. लालबाग-परळचा कामगार हा नेमका असाच माणूस होता. त्याच्या विरंगुळ्याविषयी बोलताना त्याच्या थकव्याचा विसर पडू नये.

दोन अर्थांची करामत

या विनोदाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. ग्रामीण मराठीत द्व्यर्थी कोड्यांची मोठी परंपरा आहे. प्रश्न ऐकून ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत आणि उत्तर मात्र पाटा-वरवंटा किंवा कुलूप-किल्ली असे घरगुती निघावे, ही त्या कोड्यांची गंमत. दादांनी हीच युक्ती पात्राच्या स्वभावात बसविली. नाम्या मनाने लहान मूल. म्हणून त्याच्या तोंडचा शब्द साधाच असतो. दुसरा अर्थ जन्म घेतो तो प्रेक्षकाच्या डोक्यात. बोलणारा निष्पाप, ऐकणारा चोर. सारे चित्रपटगृह एकदम हसते, तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याला चोरी करताना पकडलेले असते. पडद्यावरचा भोळा आणि खुर्चीतला शहाणा अशी ही उलटापालट आहे.

सेन्सॉरची पंचाईत झाली ती यामुळेच. 1952 च्या चित्रपट कायद्याने दृश्ये व शब्द तपासण्याचा अधिकार दिला. पण येथे शब्दांत काही सापडत नसे. कात्री लावायची तर प्रेक्षकाच्या मनाला लावावी लागली असती. "अर्थ तुमच्या मनात आहे" हा बचाव म्हणून जितका बिनतोड, तितकाच खोडसाळ. कारण तो अर्थ मनात यावा, अशीच सारी मांडणी केलेली असते.

तथापि या करामतीला एक अट आहे. बोलणारा खरोखर भोळा वाटला पाहिजे. तो भोळेपणा गेला की दोन अर्थांतला एक अर्थ गळून पडतो आणि उरतो तो नुसता बीभत्सपणा.

उतार

नेमके हेच पुढे घडले. पन्नाशीकडे झुकलेला नट अर्ध्या चड्डीतील पोर म्हणून उभा राहू लागला, तेव्हा निरागसता हे केवळ सोंग उरले. 'आली अंगावर' (1982), 'मुका घ्या मुका' (1987), 'पळवा पळवी' (1990), 'येऊ का घरात' (1992) ही नावे पाहावीत. पूर्वी विनोद कथेतून उमलत असे. आता बहुतेक नावांतच तो उरकून टाकलेला दिसतो. 'तेरे मेरे बीच में' (1984) आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (1986) हे हिंदी चित्रपट तर या घसरणीचे चांगले उदाहरण होत. दादांचा विनोद मावळी बोलीच्या मातीत रुजलेला होता. शब्दांची ती माती हिंदीत नेता आली नाही. नेता आले ते फक्त हावभाव.

प्रेक्षकही बदलत होता. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरणगावाची पुढे जी वाताहत झाली तीत ज्या माणसांनी दादांना मोठे केले, ती माणसेच विखुरली. त्याच वर्षी रंगीत दूरदर्शन आले. पाठोपाठ व्हिडिओ घरोघर पोहोचला. नवी पिढी 'धूमधडाका' (1985), 'अशी ही बनवाबनवी' (1988) अशा शहरी प्रहसनांकडे वळली. 'बनवाबनवी'तही अतिशयोक्तीची कमाल आहे, पुरुषांनी नेसलेली लुगडी आहेत. परंतु तेथे पात्रांची फजिती होते ती बहुतांशी त्यांच्याच थापांमुळे, आणि त्या थापांच्या मुळाशी भाड्याची खोली न मिळणे हे खरेखुरे दुःख आहे. म्हणून तो चित्रपट आजी-नातवंडांनी एकत्र बसून पाहिला आणि आजही पाहिला जातो.

हसण्याची किंमत कोण देतो?

आमच्या मते या विनोदाची खरी मर्यादा शब्दांच्या चावटपणापेक्षा या प्रश्नात आहे. नाम्याच्या गोष्टीत हसण्याची किंमत नाम्या स्वतः देत होता. आपल्या वेंधळेपणावर तोच पहिला हसू ओढवून घेई. 'विच्छा'मध्ये ती किंमत राजा देत होता, आणि राजाला ती परवडण्यासारखी होती. उत्तरार्धातल्या चित्रपटांत मात्र बहुतेक वेळा ती बाईने दिली. कलावतीसारख्या बाणेदार नायिकेच्या जागी केवळ टपल्या आणि टोमणे झेलणारी बाई उरली. तिने हसून साजरे करावे, एवढेच काम तिला राहिले. जो सोंगाड्या वरच्याला खाली ओढीत होता, तो खालच्यालाच आणखी खाली दाबू लागला.

याच संदर्भात गणपत पाटील यांचे स्मरण होते. तमाशाप्रधान चित्रपटांतील 'नाच्या' त्यांनी इतक्या हुबेहूब रंगविला की लोकांनी तो खराच मानला. पडद्यावर ते आले की चित्रपटगृह हास्याने दणाणे. परंतु त्या भूमिकेचा शिक्का त्यांच्या खाजगी आयुष्यावरही बसला. संसारी, कुटुंबवत्सल असलेल्या या माणसाला आणि त्यांच्या घरच्यांना समाजाचे टोमणे सोसावे लागले. 2008 साली ते निवर्तले. आनंद यादव यांच्या कादंबरीवर बेतलेला 'नटरंग' 2010 साली आला, तेव्हा नाच्याच्या वेदनेने प्रेक्षकांचे डोळे पाणावले. ज्या सोंगाला आपण इतकी वर्षे हसलो त्याच्या आत माणूस होता, हे कळायला मराठी समाजाला बराच काळ लागला.

आणि हे केवळ गतकाळाबद्दलचे बोलणे नाही. दादा कोंडके 14 मार्च 1998 रोजी गेले. त्यांच्या प्रकारचा विनोद मात्र गेला नाही. तो चित्रपटगृहातून दूरचित्रवाणीवर आणि तेथून हातातल्या मोबाईलवर आला. लंगडणारा, तोतरा, जाड, काळा, बायकी चालीचा माणूस आजही हुकमी हशा मिळवून देतो. फरक एवढाच की, पूर्वी हजार माणसांत बसून हसावे लागे. बरोबर आई असे, शेजारी असे, आणि हसू कोठे थांबवावे याचे भान त्यांच्या सोबतीमुळे राही. आता प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढे एकटा हसतो. संकोचाचा तो शेजार नाहीसा झाला आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या त्या संकोचाला ढोंग म्हणून उडवून लावू नये, असे आम्ही सुचवितो. मुले आसपास आहेत काय हे पाहण्यात लोकलज्जा असेल, पण त्यात विवेकाचाही अंश आहे. त्याचप्रमाणे त्यांच्या खुदकन हसण्यालाही पाप मानण्याचे कारण नाही. राबणाऱ्या माणसाने पोट धरून हसावे. भरतमुनींनी त्याला अधम ठरविले म्हणून तो अधम होत नाही. फक्त हसू ओसरल्यावर कुटुंबाने एकमेकांना एक प्रश्न विचारावा : ज्याला आपण हसलो, तो आपल्या शेजारच्या खुर्चीत बसला असता, तर तोही हसला असता काय? नाम्या हसला असता. 'विच्छा'तला राजाही, थोडे कानकोंडे होऊन, हसला असता. गणपत पाटलांच्या घरची माणसे मात्र हसली नसती.